तुझ्या गाडीत मी होते

नाशिक रोड
२२ नोव्हेंबर २००१

प्रिय दत्तू,

सोमवारी नवसाबाईच्या दाव्याची तारीख आहे आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला मी उभी राहणार आहे. तुझ्या वकिलाकडून तुला हे एव्हाना कळलं असेल. तरी ते माझ्याकडूनही कळावं म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. माझी सवय तुला माहीत आहे. सभेत मी प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. ज्याला उठून जायचं त्याने सुरुवातीलाच जावं, म्हणजे उरलेल्यांशी नीट बोलता येतं. तू मात्र उठू नकोस. हवं तर रागाने वाच, पण शेवटपर्यंत वाच.

कोर्टात दिलेली तुझी कैफियत मी वाचली. नवसाबाईचे वकील घरी आले होते, ते वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, द्या इकडे, माझ्या भावाचं म्हणणं मीच वाचते. भाषा तुझी नाही हे पहिल्या वाक्यातच कळलं. इतकं लांब वाक्य तू आयुष्यात बोलला नाहीस. टेम्पो जुना होता, त्याची केबिन आधीपासूनच वाकलेली होती, चालकाने भर रस्त्यात ब्रेक मारला, धक्का लागला तो ओझरता. इथपर्यंत मी शांत होते. भांडणात माणूस आपली बाजू वाढवून सांगतो आणि कोर्ट ते जाणून असतं. पण पुढे लिहिलं आहे की घटनेच्या वेळी गाडीत तू एकटाच होतास. दत्तू, ते वाक्य मी पुन्हा वाचलं. कळवण, सिन्नर, निफाड, कुठे कुठे मला व्याख्यानाला नेणारा, भाषण लांबलं की दारातून घड्याळ दाखवणारा, परतताना "अक्का, आज जरा जास्तच तापलीस" म्हणणारा माझा भाऊ म्हणतो, की त्या दिवशी त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. वकिलांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, पाणी आणू का?" घर माझं, आणि पाणी ते विचारत होते.

ती जागा रिकामी नव्हती. दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती. गिरणाऱ्याच्या शाळेत मुलींच्या शिक्षणावर माझं भाषण झालं, शिक्षकांनी आग्रहाने जेवायला बसवलं आणि दुपार कलल्यावर आपण निघालो. तुला घरी जाऊन नव्या गाडीच्या पूजेची तयारी करायची होती, म्हणून घाई होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या भागातला मळा न् मळा झेंडू खुडून शहराकडे निघतो. ट्रॅक्टर, जीप, सायकलीला बांधलेल्या पाट्या, सगळ्यांना एकच धास्ती, कारण झेंडूला भाव त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी. दसऱ्याच्या दुपारी त्याच झेंडूला गायसुद्धा तोंड लावत नाही. गंगापूर गावाच्या अलीकडे आपल्या पुढे एक तीनचाकी टेम्पो होता. चालवत होता केरू, शेजारी त्याची बायको नवसाबाई, मागे काठोकाठ फुलं. तू हॉर्न दिलास, त्याने डावीकडे घेतलं. तू पुढे काढायला लागलास आणि समोरून एसटी येताना दिसली. टेम्पो पुरता मागे पडायच्या आत तू गाडी डावीकडे घातलीस. तुझ्या मागच्या दाराचा तडाखा त्याच्या पुढच्या चाकाला बसला. टेम्पो रस्त्याकडेच्या चारीत गेला, बाभळीवर आपटला आणि आडवा झाला. एसटी पुढे निघून गेली. हे सगळं मी पाहिलं, कारण मी मान वळवून त्या फुलांकडेच बघत होते.

तू गाडी थांबवलीस. हेही मी सोमवारी सांगणार आहे, कारण हेही खरं आहे. थांबवलीस, काच खाली केलीस आणि ओरडलास, "डोळे फुटले का रे?" केरू गुडघा धरून चारीतून वर येत होता. तो म्हणाला, "फुटले नाय भाऊ, म्हनून तर तुमची गाडी दिसली." तोवर आवाज ऐकून मळ्यांतली माणसं धावत आली होती, ती हसली. तुझा चेहरा तिथे बदलला. मी केव्हाच खाली उतरले होते. तू हळूच म्हणालास, "अक्का, बस आत, तमाशा होतोय." मी म्हटलं, "तू उतर." तू उतरला नाहीस आणि मी बसले नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस. चारीत पाणी होतं, अर्धा झेंडू भिजला, आणि भिजलेला झेंडू पाटीत काळा पडतो. उरलेला आम्ही बायकांनी पदरात भरून वर आणला. सकाळी माझ्या भाषणाला आलेली भागीबाई नावाची एक बाई तिथे होती. ती म्हणाली, "सकाळी लय बोलल्या बाई, आता जरा वाका." मी वाकले. कोणीतरी विचारलं, "गाडी कोनाची व्हती, ताई? वळखीची व्हती का?" मी सांगितलं, माझ्या भावाची. मग कोणी हसलं नाही. नवसाबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मग तुम्ही मागं ऱ्हायल्या कशाला?" मी तिच्या ओंजळीत फुलं देत राहिले. एका ट्रॅक्टरवर बसून मी शहरात आले. घरी पोचते न पोचते तोच तुझा फोन आला, "पोचलीस ना?" एवढं विचारून तू ठेवलास. त्या विचारण्यात काळजी होती हे मी विसरलेले नाही.

आता त्या माणसांनी केलेली चूक सांगते, कारण तुझा वकील तिच्यावरच उभा आहे. पोलीस ठाण्यातून निरोप आला की पंचनामा दसरा झाल्यावर करू. विम्याचा सर्व्हेअर त्याच्याही नंतर येणार. तोवर टेम्पो होता तसा ठेवायला हवा होता, चेपलेल्या केबिनसकट, फुटलेल्या काचेसकट. पण दुसऱ्या दिवशी दसरा. ज्या घराचं पोट टेम्पोवर चालतं त्या घरात त्या दिवशी टेम्पोची पूजा चुकत नाही, आणि मोडक्या वस्तूची पूजा करत नाहीत. केरूची आई सरुबाई म्हणाली, "लक्ष्मीला फुटक्या तोंडानं उभी करायची नाय." टेम्पो दोर लावून घरी ओढत आणला. सोमा नावाच्या गावातल्या वेल्डरने केबिन ठोकून सरळ केली, काच बसवली, वरून लाल रंगाचा हात मारला. सकाळी हळदकुंकू, नारळ, वाचलेल्या झेंडूचा हार. चाक वाकडंच होतं, खालची चौकट तिरकी झाली होती, पण समोरून पाहिलं तर टेम्पो नवरदेव दिसत होता. मला कळलं तेव्हा मी तणतणत त्यांच्या गावी, दुगावला गेले आणि अंगणात उभी राहून पुरावा, कायदा, रूढी यांवर बोलत सुटले. सरुबाई शांतपणे ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "झालं का? चा गार व्हतोय." मैदानं भरणाऱ्या सभांनीही मला कधी इतक्या सहज गप्प केलेलं नाही.

सर्व्हेअर आला, टेम्पोभोवती फिरला, कच्चा रंग बोटाला लागला तो रुमालाला पुसला आणि विचारलं, "नुकसान कुठे आहे?" पंचनाम्यात जागेचं वर्णन आहे, पायाखाली तुडवलेल्या फुलांचं आहे, आणि माझं एका ओळीत आहे. हवालदाराला मी नाव सांगितलं होतं. त्याने लिहिलं, "एक महिला". माझी ओळख करून देताना लोकांना विशेषणं पुरत नाहीत, पण सरकारदरबारी मी एक महिला झाले आणि तुझ्या कैफियतीत तीही उरले नाही. मला गंमत वाटली, अगदी खरं सांगते. राग नंतर आला.

तिरक्या चौकटीमुळे टेम्पोला आरटीओचं पासिंग मिळत नाही. तेव्हापासून तो घरामागे उभा आहे. नवसाबाई फुलं दुसऱ्याच्या जीपमधून पाठवते. जीपवाला आधी आपला माल उतरवतो, मग हिचा, तोवर बाजार चढून उतरलेला असतो. दावा मंजूर झाला तर टेम्पो दुरुस्त होऊन रस्त्यावर येईल. फेटाळला तर भंगारात जाईल आणि तिचा मळा कायमचा त्या जीपवाल्याच्या मर्जीवर राहील. सोमवारी माझ्या साक्षीवर एवढं अवलंबून आहे.

तिची स्वतःची उलटतपासणी झाली तेव्हा तू कोर्टात नव्हतास. साक्षीदार म्हणून मलाही बाहेर बसवलं होतं, पण नंतर केरूने व्हरांड्यात मला सगळं करून दाखवलं, तुझ्या वकिलाच्या चष्मा पुसण्यासकट. वकील म्हणाला, "पूजा केलीत, म्हणजे गाडी धडधाकट होती, बरोबर?" नवसाबाई म्हणाली, "साहेब, आमचा म्हातारा अंथरुणाला खिळला व्हता, त्यालाबी दसऱ्याला नवं धोतर नेसवलं. तो काय लगेच चालाया लागला?" न्यायाधीशांनी मान खाली घातली ती हसू लपवायला, असं केरूचं म्हणणं. पण हसवून दावा जिंकता येत नाही. रंगाखाली काय मोडलं होतं आणि ते कोणामुळे मोडलं, हे प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस लागतं. घरच्यांच्या बोलण्याला कोर्ट निम्मंच वजन देतं, गावातली माणसं आली ती धडक झाल्यावर. उरले मी.

तू म्हणशील, मी काहीच केलं नाही का? केलंस. त्या दिवाळीत तू माणसाबरोबर दुगावला तांदळाचं पोतं, मुलांना कपडे आणि एक पाकीट पाठवलंस. निरोप होता, मदत म्हणून ठेवा. नवसाबाईने सगळं आल्या पावली परत पाठवलं आणि तुला तो माज वाटला. तिने तुझ्या माणसाला काय सांगितलं ते तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून लिहिते: "आम्ही मदत मागाया नाय गेलो. मोडलं ते भरून द्या, आन् ‘आम्ही मोडलं’ असं तुम्ही म्हना." दत्तू, मी तिच्या बाजूची आहे, आणि ती गरीब आहे म्हणून नाही. ती श्रीमंत असती आणि तू केरू असतास तरी मी हेच लिहिलं असतं. भरपाई म्हणजे धक्का लागायच्या आधी माणूस जिथे उभा होता तिथे त्याला परत नेऊन उभं करणं. त्यासाठी त्याने हात जोडायचे नसतात, आभार मानायचे नसतात, दिवाळीला आठवण ठेवायची नसते. तू दाता व्हायला तयार आहेस, देणेकरी व्हायला तयार नाहीस. आपल्या समाजात पुष्कळ मोठी माणसं अशीच मोठी झाली आहेत. देवळाच्या पायऱ्यांवर त्यांची नावं असतात आणि ज्याचं त्यांनी मोडलं तो त्याच पायऱ्या चढून देवाकडे जातो. त्या माणसांवर मी मंचावरून तुटून पडते तेव्हा तू दारात उभा राहून टाळ्या वाजवल्या आहेस.

वस्तूच्या नुकसानीपोटी विमा कंपनीवर कायद्याने येणारी रक्कम किरकोळ आहे, बाकीचं तुझ्यावर येईल, हे मला कळतं. ते तुला जड नाही, हे तुलाही कळतं. जड आहे ते चूक कबूल करणं. आणि ते का जड आहे, हे तुझ्या बायकोला, मनीषाला ठाऊक नसेल, मला आहे. आबा सटाणा डेपोत एसटी चालवत होते तेव्हाची गोष्ट. देवळ्याच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचा धक्का कांद्याच्या बैलगाडीला लागला. बैल वाचले, गाडीचं चाक मोडलं, कांदे रस्ताभर. प्रवासी ओरडत होते, चला, चला. आबा खाली उतरून पंचनामा होईपर्यंत उन्हात उभे राहिले आणि डेपोत लिहून दिलं की वळणावर वेग कमी केला नाही, चूक माझी. त्यांची वेतनवाढ रोखली गेली. त्या वर्षी तुझी शाळेची सहल राहिली. त्यांचे कंडक्टर गोटीरामकाका घरी येऊन म्हणाले, "भिका, गप बसला असता तर बैलवाल्याच्या माथी गेलं असतं." आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "गाडी शे, धक्का लागस. लागना का खाले उतर, उभा ऱ्हाय." तू दाराआड होतास आणि मीही. मी त्यातून एक शिकले आणि तू दुसरं, की खरं बोललं की घरातल्या पोराची सहल जाते. मी तुला दोष देत नाही, त्या वयात सहलच दिसते. पण पुढचंही तू पाहिलं आहेस. सुट्टीत आबांच्या गाडीत पुढे बसायचास तेव्हा तो बैलगाडीवाला वाटेत भेटला की हात उंच करायचा, आणि आबा हॉर्न न वाजवता गाडी हळू करायचे. त्याच्या लेखी आबा म्हणजे धक्का मारणारा ड्रायव्हर नव्हते, उतरलेला ड्रायव्हर होते.

बाकी घरचं ठीक. गुडघा पायऱ्या चढताना कुरकुरतो, मी लक्ष देत नाही. पुढच्या महिन्यात येवल्याला बोलवलं आहे. परवा सृष्टीचा फोन आला होता, वक्तृत्व स्पर्धेला "संगणक: शाप की वरदान" हा विषय मिळालाय, आत्या मुद्दे दे. मी म्हटलं, आधी तू कोणत्या बाजूची ते ठरव, मुद्दे आपोआप येतात. पोरगी हुशार आहे, म्हणाली, "ज्या बाजूला बक्षीस असेल त्या." मी पोटभर हसले. तिला या प्रकरणातलं मी काही बोललेले नाही. ते सांगायचं झालं तर तू सांगशील.

आता हे पत्र का लिहिलं ते. भाऊबीजेला यंदा तू आला नाहीस, मनीषा आली, तुझी ओवाळणी घेऊन. बराच वेळ ती चहा नुसता ढवळत राहिली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "अक्का, त्यांनी सांगितलंय की खोटं काहीच बोलू नका. फक्त म्हणा, डोळा लागला होता, काही दिसलं नाही." ते सांगताना तिला लाज वाटत होती, आणि ती तिची नव्हती, तू तिच्या हाती पाठवलेली होती. प्रश्न तिचा नव्हता म्हणून तिला मी उत्तर दिलं नाही. उत्तर तुला देते. मी जागी होते. शपथ घेऊन तेच सांगेन. तू घाईने आत घातलीस हेही आणि थांबलास हेही. गाडीत आणखी कोण होतं असं विचारलं, तर म्हणेन, मी होते, त्याची बहीण. भाषण करणार नाही, एवढं वचन देते. आणि त्या बदल्यात एक मागते. नवसाबाईचे वकील जीप पाठवतो म्हणाले, मी नको म्हटलं. मला कोर्टात न्यायला तू ये. बोलायच्या ठिकाणी इतकी वर्षं तूच नेत आलास, सोमवारीही तूच ने. वाटेत मी या विषयावर अवाक्षर काढणार नाही. कोर्टाजवळच्या सीबीएस स्टँडपर्यंत पोचेतो तुला वाटलं, तर वकिलाला सांग की कैफियत मागे घेतो, चूक मान्य आहे. मग मला साक्षीला उभं राहावंच लागणार नाही. नाही वाटलं, तर तुझ्या वकिलाशेजारी बस आणि माझ्याकडे बघत ऐक. काहीही झालं तरी परत मी तुझ्याच गाडीने येणार आहे, आणि घरी आलास की तुला ओवाळणार आहे, तिथी टळून गेली असली तरी. दहा वाजता खाली फाटकाशी उभी असेन. उशीर झाला तर होऊ दे, गाडी हळू आण.

वाट बघणारी, तुझीच
अक्का